भंगारातलं ट्रकचं इंजिन खोलायचं कसं, आणि आधी कोण गेलं ते शोधायचं कसं

इंजिन खोलणं हे एक काम आणि इंजिन का गेलं ते शोधणं हे दुसरं काम. पहिलं काम हायवेवरच्या कुठल्याही गॅरेजमधला हुशार पोरगा एका दिवसात उरकतो, पाना लावला की सुटलं, सुटलं की डिझेलच्या टबात, टबातून बाहेर चकाचक. पण त्या टबातल्या काळ्या डिझेलबरोबर आपल्याला हवी असलेली निम्मी माहिती वाहून जाते. त्यामुळे या कामात धुणं सगळ्यात शेवटी, आणि जे तुटलंय त्याच्याकडे बघणं सुद्धा शेवटीच. तुटलेल्या सिलेंडरचा एवढा चेंदामेंदा झालेला असतो की तो काही सांगायच्या अवस्थेत नसतो, खरं काय झालं ते शेजारचे न तुटलेले सिलेंडर सांगतात.

उदाहरणाला ५.९ लिटरचं इंजिन घेतो कारण ते आपल्याकडे भंगारात सहज सापडतं. टाटा कमिन्सचं सहा सिलेंडरवालं ६बीटी, १०२ मिलिमीटरचा बोअर म्हणजे सिलेंडरचा व्यास, १२० चा स्ट्रोक म्हणजे पिस्टनची चाल, ५८८३ सीसी, टाटाच्या २५१८ सारख्या जुन्या टिपरमध्ये बसणारं. मी जे सांगतोय ते खडीच्या क्रशरवर चालणाऱ्या टिपरचं होतं. ब्लॉकला पाच नंबरच्या बाजूला तळहात जाईल एवढी खिडकी पडलेली, रॉड, म्हणजे पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणारा दांडा, बाहेर. मालकाचं म्हणणं एकच, ड्रायव्हरने खंबाटकी उतरताना चुकीचा गिअर टाकला, लोड गाडीने इंजिन ओढलं, ओव्हर गेलं म्हणजे ठरलेल्या वेगाच्या पुढे फिरलं आणि रॉड बाहेर आला, आणि त्याचे पैसे तो ड्रायव्हरच्या पगारातून कापायच्या तयारीत होता. म्हणजे नुसती उत्सुकता नव्हती, कुणाच्या तरी पोटाचा प्रश्न होता.

पाना उचलायच्या आधी विचारपूस करून घ्या. गाडी बंद पडायच्या आधी काय काम झालं होतं, ऑइल कधी बदललं, कुठलं टाकलं, ऑइल प्रेशरचं गेज चालू होतं का, धूर कुठल्या रंगाचा होता, आवाज आधी आला की एकदम बंद पडली, आणि बंद पडल्यावर कुणी परत स्टार्टर मारला का. हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण आपल्याकडे बंद पडलेल्या गाडीला चार जण येऊन स्टार्टर मारून बघतात आणि त्यात नवीन नुकसान होतं जे मूळ कारणाचं नसतं. मालकाचं ऐका, ड्रायव्हरचं वेगळं ऐका, क्लीनर असेल तर त्याचं अजून वेगळं. लिहून ठेवा पण विश्वास कुणावरच ठेवू नका. या गाडीचा क्लीनर सहज बोलून गेला की थोड्या दिवसांपूर्वी चेंबरमधून (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीतून) ऑइल गळत होतं म्हणून एका गॅरेजमध्ये चेंबर उतरवून पॅकिंग बदललं होतं. मालकाला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

आता वजन. हे इंजिन कोरडंच चारशे किलोच्या वर भरतं, त्यात फ्लायव्हील, क्लच अडकवलेलं असेल तर अजून. एक टनाची चेन ब्लॉक लावा, हुक इंजिनच्या दोन्ही लिफ्टिंग ब्रॅकेटला, मॅनिफोल्डला किंवा टर्बोच्या पाइपला साखळी गुंडाळू नका. लटकलेल्या इंजिनखाली हात घालायचा नाही, डोकं तर नाहीच नाही. फॅब्रिकेशनवाल्याकडून चॅनेलचं स्टँड बनवून घेतलं आणि फ्लायव्हील हाउसिंगच्या बाजूने बोल्ट केलं तर पुढचं सगळं सोपं जातं, नाहीतर जाड लाकडी ओंडके आणि दोन्ही बाजूला पाचर. जुन्या ऑइलमध्ये हात बुचकळून काम करायची आपल्याकडे सवय आहे, ती सोडा, नायट्राइलचे हातमोजे स्वस्त मिळतात. धुवायला डिझेल किंवा रॉकेल, पेट्रोल अजिबात नाही. जुन्या क्लच प्लेटची धूळ हवा मारून उडवू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. आणि इंजिन जळालेलं असेल तर वितळलेल्या काळ्या ऑइल सीलला उघडा हात लावायचा नाही, काही सीलचं रबर जळल्यावर कातडी खाणारं अ‍ॅसिड सोडतं.

बाहेरून फोटो काढा, सगळ्या बाजूंनी, आणि ऑइल कुठून कुठे ओघळलंय ते बघा. धूळ बसलेला ओघळ जुना, ओला चकचकीत ओघळ शेवटच्या दिवसाचा. एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा रबरी पाइप काढा आणि आतून बोट फिरवा. पाइप आतून स्वच्छ असायला पाहिजे, बोटाला माती लागली तर क्लॅम्प ढिला होता किंवा फिल्टर फाटका होता आणि इंजिन धूळ खात होतं. क्रशर, वीटभट्टी, खाणीवरच्या गाड्यांत हे इतकं असतं की मी सगळ्यात आधी तेच बघतो. धूळ खाल्लेल्या टर्बोच्या पुढच्या फॅनच्या पात्यांच्या कडा झिजून बोथट झालेल्या दिसतात. टर्बोची शाफ्ट बोटाने हलवून बघा, आडवा प्ले थोडासा असतोच, पण पातं हाउसिंगला घासल्याची खूण दिसली की टर्बोचे बुश गेलेत असं धरायचं. या इंजिनचं पातं घासलं होतं पण कडा धारदार होत्या, पाइपही आतून स्वच्छ. म्हणजे धूळ नाही, टर्बोला ऑइल कमी पडलं असावं. हे तेव्हा फक्त लिहून ठेवलं.

मग ऑइल. ड्रेन बोल्ट एकदम काढू नका, थोडा ढिला करून थेंब थेंब येऊ द्या, पारदर्शक बाटलीत धरा. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाशी बसलेलं असतं म्हणून आधी पाणी येतं. ऑइल दुधाळ असेल तर कूलंट मिसळलंय, हेड पॅकिंग, ऑइल कूलर नाहीतर क्रॅक यातलं काहीतरी. पातळ झालंय आणि डिझेलचा वास येतोय तर नोझल (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारा) गळतोय किंवा डिझेल पंपाच्या बाजूने येतंय. ऑइल स्वच्छ बादलीत, त्यात कापडात गुंडाळलेलं मॅग्नेट फिरवा. मॅग्नेटला चिकटलं ते लोखंड किंवा स्टील, म्हणजे रिंग, गिअर, कॅम, क्रँक. चिकटलं नाही आणि रुपेरी हलकं आहे तर पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम किंवा बेअरिंगवरचा वरचा मऊ थर, तांबूस असेल तर बेअरिंगच्या आतला तांब्याचा थर नाहीतर कुठला तरी बुश.

ऑइल फिल्टर हॅकसॉने कापू नका, करवतीचा कीस आत पडतो आणि मग तुम्ही तोच बघत बसता. पत्र्याची कात्री किंवा फिल्टर कटर घ्या, आतला कागद काढून ब्लेडने कापा, घड्या उघडून व्हाइसमध्ये दोन पत्र्यांमध्ये दाबून ऑइल पिळून काढा आणि उन्हात नेऊन बघा. उन्हात चमकणारी पूड दिसते ती ट्यूबलाइटखाली दिसत नाही. आमच्या फिल्टरच्या घड्यांमध्ये रुपेरी आणि तांबूस पूड खच्चून भरली होती, आणि त्यात काळ्या रंगाचे रबरासारखे बारीक तुकडे. नखाने दाबले तर दबायचे आणि परत फुगायचे.

खोलायच्या आधी मोजायचं असतं हे बरेच जण विसरतात. एकदा रॉकर, म्हणजे वाल्व्ह दाबणारी दांडी, सैल केला की टॅपेटचं क्लिअरन्स, म्हणजे रॉकर आणि वाल्व्हमधली फट, कायमचं गेलं. इंजिन फिरत असेल तर फ्लायव्हीलच्या दातांना पहार लावून हळू फिरवून सगळ्या वाल्व्हचं क्लिअरन्स फीलर गेजने मोजून लिहा. ५.९ ला थंड इंजिनवर इनटेक ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.५१ मिलिमीटर असतं. एखाद्याच ठिकाणी फार जास्त आलं तर पुशरॉड (कॅमकडून रॉकरला ढकलणारी काडी) वाकलाय, कॅमचा लोब घासलाय किंवा टॅपेट फुटलाय. फिरत नसेल तर जोर करू नका. थोडं फिरून प्रत्येक वेळी त्याच जागी ठक्क करून अडत असेल तर काहीतरी तुकडा मध्ये आहे, अजिबातच हलत नसेल तर बेअरिंग चिकटलंय, पिस्टन चिकटलाय किंवा पावसात पडून गंजलंय. आमचं अडतच होतं, अर्थात अडणारच, पाच नंबरच्या रॉडचा तुकडा क्रँकच्या वेटमध्ये घुसला होता. त्यामुळे जेवढे वाल्व्ह त्या जागी मोजता आले तेवढे मोजले.

प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टवर सैल करायच्या आधी पेंट मार्करने एक रेघ ओढा, अर्धी बोल्टवर अर्धी खालच्या भागावर. मग सैल करताना कुठला बोल्ट किती ताकदीने सुटला ते जाणवतं आणि लिहिता येतं. हवेची गन लावून भर्रकन काढलं की हे सगळं गेलं. हेड बोल्ट आणि रॉड, मेनचे (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या बेअरिंगचे) बोल्ट लांब दांड्याने हातानेच सोडवा. आणि नंबर. एक नंबर सिलेंडर म्हणजे फॅनच्या बाजूचा. नोझल, पुशरॉड, रॉकर, पिस्टन, शेल (बेअरिंगचे अर्धगोल भाग), सगळ्याला सिलेंडरचा नंबर, मार्करने, छिन्नीने खुणा मारू नका. मी प्लायवूडच्या फळीवर सहा रकाने आखून घेतो आणि सुटलेली प्रत्येक वस्तू आपापल्या रकान्यात ठेवतो, पिशव्यांपेक्षा हे बरं कारण सहाही एकमेकांशेजारी एका नजरेत दिसतात.

रॉकर काढले, पुशरॉड काढले, काचेवर लोळवून बघितले. सगळे सरळ. ही ड्रायव्हरच्या बाजूने पहिली साक्ष. इंजिन खरंच ओव्हर गेलं असेल, म्हणजे गव्हर्नरच्या २५०० आरपीएमच्या खूप पुढे, तर वाल्व्ह स्प्रिंगला वाल्व्ह वेळेत बंद करायला जमत नाही, पिस्टन येऊन वाल्व्हला आदळतो आणि पुशरॉड वाकतात, पिस्टनच्या डोक्यावर वाल्व्हच्या गोल चंद्रकोरी उमटतात, आणि हे एका नाही तर बऱ्याच सिलेंडरमध्ये दिसतं.

हेडचे बोल्ट बाहेरून आतल्या बाजूला, दोन तीन फेऱ्यांत सैल करायचे, घट्ट करायच्या बरोब्बर उलट. हेड उचलताना स्क्रूड्रायव्हर घुसवून उचकटू नका, पॅकिंगवरच्या खुणा जातात. पॅकिंग सुटलं की दोन्ही बाजू बघा, कंप्रेशन पळालं असेल तर सिलेंडरच्या गोल रिंगपासून पाण्याच्या भोकाकडे किंवा बाहेरच्या कडेकडे काळा पट्टा गेलेला दिसतो. हेडवर स्टील पट्टी उभी धरून खालून फीलर घालून बघा, वाकलंय का. आमचं पॅकिंग स्वच्छ, हेड सरळ, पिस्टनवर वाल्व्हच्या खुणा नाहीत. फक्त पाच नंबरवर तुकड्यांनी ठोकलेले खड्डे, ते नंतरचे.

बोअरमध्ये अजून काही पुसायचं नाही. वरच्या टोकाला जो कार्बनचा पट्टा असतो त्याची उंची सहाही सिलेंडरला सारखी असते. एखाद्या सिलेंडरला तो जास्त रुंद दिसला तर पिस्टन पूर्ण वर येत नव्हता, म्हणजे रॉड वाकलाय. पाण्यातून गाडी घातली आणि एअर इनटेकने पाणी ओढलं की हे होतं, पाणी दाबलं जात नाही, मग रॉड वाकतो. गंमत म्हणजे असं इंजिन बऱ्याचदा परत चालू होतं, दोन चार महिने चालतं आणि मग उन्हाळ्यात कधीतरी तोच वाकलेला रॉड तुटतो, आणि पावसाळ्यात पाण्यात बंद पडली होती हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. पट्टा स्टील पट्टीने मोजा, फोटो काढा, नंतरच खरवडा. खरवडायचं तर आहेच, नाहीतर पिस्टन वर काढताना रिंगा त्याला अडकून तुटतात आणि मग ही आधीची तुटलेली की आपण तोडलेली हा घोळ. रिंगांची वरची जागा संपते तिथे बोअरला नख लावून बघा. नख अडकण्याएवढी पायरी असेल तर झीज खूप झालीये.

आता चेंबर. इथे एक गोष्ट पक्की करा, चेंबर काढायच्या आधी इंजिन उलटं करायचं नाही. उलटं केलं की तळाला पडलेला सगळा माल क्रँकवर आणि बोअरमध्ये पसरतो. सरळ उभ्या इंजिनखालून, आधार पक्का देऊन, चेंबर सावकाश खाली घ्या. कुठला तुकडा कुठे पडलाय त्याचा फोटो काढा. आमच्या चेंबरमध्ये पाच नंबरच्या खाली रॉडच्या कॅपचे दोन तुकडे, एक बोल्ट अख्खा, एक अर्धा, पातळ पापडी झालेले बेअरिंगचे शेल, पिस्टन स्कर्टचे अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे. हे सगळं अपेक्षित. पण नजर गेली ती चेंबरच्या कडेला. पॅकिंगच्या दोन्ही बाजूंनी काळं सिलिकॉन इतकं लावलेलं की आतल्या बाजूला शेवयांसारखं बाहेर आलं होतं आणि बऱ्याच ठिकाणी त्या शेवया तुटून गेलेल्या. तुटून गेलेल्या कुठे? ऑइल पंपाच्या सक्शन पाइपची जाळी काढली आणि उलटी धरली. जाळीचा निम्म्याहून जास्त भाग त्या काळ्या तुकड्यांनी बंद, वरून ऑइलचा गाळ बसून चामड्यासारखा थर झालेला. त्याला हात लावू नका लगेच, मार्करने नाव घालून तशीच्या तशी डब्यात ठेवा.

इथे थांबून लगेच निकाल देऊन टाकायचा मोह होतो. पण जाळी चोंदलेली आहे एवढ्याने ती कारण ठरत नाही. जाळीमुळे ऑइल कमी पडलं असेल तर त्याचा त्रास सगळ्या बेअरिंगना झालेला दिसला पाहिजे, फक्त पाच नंबरला नाही. त्यासाठी शेल.

रॉडच्या कॅप काढताना दोन्ही अर्धे शेल आपापल्या जागीच असताना एक फोटो, मग काढून फळीवर वरचे वरच्या ओळीत, खालचे खालच्या ओळीत. रॉडमध्ये स्फोटाचा दाब वरच्या शेलवर येतो, त्यामुळे झीज आधी वरच्या शेलला दिसते. मेनमध्ये उलट, क्रँक खाली दाबला जातो म्हणून कॅपमधला खालचा शेल आधी झिजतो. हे उलटं दिसलं तर काहीतरी वेगळंच चाललंय असं समजायचं. शेल आडवा उन्हात धरा. वरचा करडा मऊ थर शाबूत असेल तर चांगलं. तो जाऊन खालचा तांब्याचा रंग उघडा पडला असेल तर झीज. आता ती झीज कशी आहे ते वाचायचं. फिरण्याच्या दिशेने बारीक रेघोट्या आणि मध्ये मध्ये रुतलेले चमकणारे कण असतील तर ऑइलमध्ये घाण होती. काळपट, बारीक खड्डे पडलेला, कुरतडल्यासारखा शेल म्हणजे कूलंट किंवा खूप जुनं आंबट झालेलं ऑइल. थर पुसून एका बाजूला ओढल्यासारखा, कडांना जमा झालेला, मागची बाजू निळी-काळी, हे ऑइल न मिळाल्याचं लक्षण. शेलच्या फक्त एका कडेला झीज असेल तर रॉड वाकडा किंवा क्रँकचं ग्राइंडिंग तिरकं. शेलच्या पाठीवरही बघा, मागच्या बाजूला एका ठिकाणी चकचकीत ठिपका असेल तर बसवताना मध्ये कचरा राहिला होता, पूर्ण पाठच घासून चकाकत असेल तर शेल आपल्या जागेत फिरत होता.

आमच्या फळीवर एक, दोन, तीन, चार आणि सहा, या सगळ्या ठिकाणचे रॉडचे वरचे शेल तांबूस आणि ओढलेले. चार आणि सहा जास्त, एक कमी पण तोही साफ नाही. मेनचे खालचे शेल सातही जागी तांबूस. एकही बेअरिंग निरोगी नाही आणि कुठेही जास्त रेघोट्या नाहीत. हा सार्वत्रिक त्रास आहे. याच्या उलट चित्र असतं, म्हणजे पाच नंबर जळालाय आणि बाकी पाच नवे कोरे, तर मी जाळी बाजूला ठेवली असती आणि पाच नंबरच्याच मागे लागलो असतो, त्या क्रँकपिनच्या भोकात कचरा अडकलाय का, शेजारच्या मेन शेलचं ऑइलचं भोक ब्लॉकच्या भोकावर आलंय का, कॅप दुसऱ्याच रॉडची लावलीय का, बोल्ट टॉर्क केलाय का. क्रँकच्या भोकांतून वायर घालून सगळे रस्ते मोकळे आहेत का ते तरीही बघितलं, मोकळे होते. ऑइल पंपाचे रोटर आणि प्रेशर रिलीफ वाल्व्हची स्प्रिंगही बघून घ्या, वाल्व्ह उघडाच अडकला असेल तरी प्रेशर असंच पडतं आणि शेल असेच दिसतात. आमचा वाल्व्ह बोटाने दाबला की गुळगुळीत आत बाहेर होत होता.

आता कुठे तुटलेल्या भागाकडे वळायचं. तुटलेले दोन तोंडं एकमेकांना जुळवून बघायची जी हौस असते ती आवरा, जुळवताना कडा घासतात आणि तुटीवरची बारीक नक्षी जाते. वायर ब्रश नाही, सँडपेपर नाही. डिझेलमध्ये भिजवून मऊ ब्रशने हलकं साफ करा, वाळलं की फोटो आणि मग गंज चढू नये म्हणून तेलाचा हात. बॅटरीचा उजेड समोरून न टाकता अगदी आडवा, बाजूने टाका. वाळूवर लाटा मागे सरकताना जशा एकात एक रेघा राहतात तशा वळ्या दिसल्या तर तो भाग हळूहळू, कित्येक दिवस क्रॅक वाढत जाऊन तुटलाय, आणि त्या वळ्या जिथून सुरू होतात तिथेच मूळ आहे, एखादा ओरखडा, गंजाचा खड्डा, पंचची खूण. सगळी तूट खरखरीत करडी दाणेदार असेल तर एका दणक्यात. बोल्ट तुटायच्या जागी बारीक होऊन कंबर काढल्यासारखा ताणला असेल तर तो ओढून तुटलाय. दोन बोल्टपैकी एकावर वळ्या आणि दुसरा ताणलेला असेल तर आधी वळ्यांवाला गेला आणि सगळा भार दुसऱ्यावर आला.

पाच नंबरचा अर्धा बोल्ट ताणून तुटलेला, कंबर काढलेला. वळ्या कुठेच नाहीत. रॉडचं मोठं तोंड पूर्ण निळं-जांभळं, क्रँकपिनवर शेलचा धातू वितळून चिकटलेला. रॉड निळा पडायला वेळ लागतो, तो आधी तापला आणि मग तुटला. ओव्हर जाऊन एकदम तुटलेला रॉड असा भाजलेला नसतो, त्याचं बेअरिंग निदान ओळखू येतं. झालं, खंबाटकीवाली गोष्ट इथे संपली.

पिस्टन मात्र तरीही काढून बघा, एक कारण सापडलं म्हणून दुसरं नसतंच असं नाही. स्कर्टवर फक्त दाबाच्या दोन बाजूंना ओरखडे असतील तर ऑइलची कमतरता किंवा थंड इंजिन एकदम रेस केलं. गजन पिनच्या (पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या) दोन्ही बाजूंना, चार कोपऱ्यांत उभे पट्टे असतील तर इंजिन तापलं, पिस्टन फुगला आणि अडकला. डोक्यावर भोक किंवा वितळलेली कड दिसली तर त्या सिलेंडरचा नोझल काढून टेस्टरवर चढवा, डिझेल फवारा न होता धार पडत असणार. वरची रिंग खूप पातळ आणि बोअरला मोठी पायरी असेल तर धूळ. आमच्या पिस्टनवर हलके ओरखडे, दाबाच्या बाजूलाच. ऑइल कमी पडल्याच्या गोष्टीशी जुळणारे. पाणी बोअरवेलचं वापरलं होतं, ब्लॉकच्या पाण्याच्या वाटांत पांढरा खार चढलेला, त्याने इंजिन थोडं गरम चालत असणार, पण मारलं त्याने नाही.

५.९ ला लायनर, म्हणजे सिलेंडरची वेगळी बसवलेली नळी, नसतात, पिस्टन सरळ ब्लॉकमध्येच चालतो, त्यामुळे वेट लायनरवाल्या (लायनरला बाहेरून थेट पाणी लागतं अशा) इंजिनमधला एक प्रकार इथे नाही. पण तुमच्यासमोर वेट लायनरचं इंजिन असेल तर लायनर उपटून बाहेरून बघाच. साधं पाणी वापरलेल्या इंजिनात गजन पिनच्या काटकोनातल्या बाजूला सुया टोचल्यासारखे खड्डे असतात, त्यातलाच एखादा आरपार जातो आणि पाणी ऑइलमध्ये. हेड पॅकिंग दोनदा बदलूनही ऑइल दुधाळ होतंय अशी तक्रार असेल तर पहिला संशय यावर.

जुन्या १२ वाल्व्हवाल्या ५.९ चं टायमिंग कव्हर उघडून एक बघून घ्या. आतल्या गिअर हाउसिंगला जागेवर धरणारी एक छोटी स्टीलची डॉवेल पिन असते, ती व्हायब्रेशनने हळूहळू बाहेर येते आणि गिअरमध्ये पडली तर दात, हाउसिंग, कधी कॅमचं टायमिंग, सगळं घेऊन जाते. आमची जागेवर होती. तुम्हाला चांगलं इंजिन बांधायचं असेल तर तिच्या तोंडावर पत्र्याची पट्टी बोल्टखाली दाबून लावतात, दहा मिनिटांचं काम.

सगळं झाल्यावर कागदावर क्रम लिहा, उलटा, शेवटच्या घटनेपासून मागे. ब्लॉक फुटला, कारण रॉडचं टोक मोकळं झालं. टोक मोकळं झालं कारण बोल्ट ओढून तुटला. बोल्ट ओढला गेला कारण शेल वितळून रॉड क्रँकला चिकटला. शेल वितळला कारण ऑइल कमी, आणि ते सगळीकडेच कमी. सगळीकडे कमी कारण जाळी चोंदली. जाळी चोंदली सिलिकॉनने, आणि सिलिकॉन आलं चेंबरच्या कडेवरून. प्रत्येक पायरीला हातात दाखवता येईल अशी एक वस्तू पाहिजे, एखाद्या पायरीला वस्तू नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह घाला, अंदाज घालू नका. आमच्याकडे एक प्रश्नचिन्ह राहिलं, गेजचं. ड्रायव्हर म्हणतो गेज आधीपासून बंद होतं, मालक म्हणतो चालू होतं, आणि सेंडर युनिट दणक्यात फुटलेलं, त्यावरून काही सांगता येत नाही. मालकाला फळी दाखवली, जाळी दाखवली, तो बराच वेळ काही बोलला नाही, मग गॅरेजवाल्याला फोन लावायला बाहेर गेला. पगार कापला की नाही ते मला नंतर कळलं नाही.

राहिलेला माल. ब्लॉक बिडाच्या भावात जाणार, खिडकी पडलेला ब्लॉक वेल्ड करून देतो म्हणणारे भेटतात, टिपरसाठी त्या फंदात पडू नका. हेड, डिझेल पंप, फ्लायव्हील वेगळे विका, चांगले पैसे येतात. क्रँक लेथवर दाखवून घ्या, पण निळी पडलेली पिन असेल तर क्रॅक टेस्ट केल्याशिवाय घासायला देऊ नका. जुनं ऑइल नाल्यात ओतू नका, वापरलेलं ऑइल घेणारे अधिकृत रिसायकलर असतात, ड्रम भरून त्यांना द्या.

आणि ऑइल कूलर, टर्बोचा ऑइल पाइप, फिल्टर हेड या तीन गोष्टी नव्या इंजिनला लावायच्या नाहीत. मालक म्हणणारच, कूलर तर चांगलाय, धुवून घेऊ. कूलरच्या प्लेटांमध्ये अडकलेली बेअरिंगची पूड कितीही डिझेल मारलं तरी पूर्ण निघत नाही, आणि ती सुटते तेव्हा नव्या शेलमध्ये जाऊन बसते. नवा कूलर घ्या, पाइप नवे घ्या, आणि चेंबर बसवताना नवं पॅकिंग कोरडंच लावा. पॅकिंगच्या जोडावर, कोपऱ्यात, ज्वारीच्या दाण्याएवढं सिलिकॉन पुरतं.